संरक्षक सॉफ्टवेअर आणि कोसळणारा संगणक : एका प्रश्नाचा आढावा

नवा अँटिव्हायरस घातला आणि त्या दिवसापासून संगणक मधूनच बंद पडू लागला, ही तक्रार घरोघरी संगणक आले तेव्हापासून आजतागायत इतक्या ठिकाणी आणि इतक्या सारख्या शब्दांत ऐकू येते, की ती एखाद्या यंत्राची खोड किंवा एखाद्या कंपनीचा हलगर्जीपणा समजून सोडून देण्याकडे आपला कल होतो. दुरुस्तीच्या दुकानात तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून टाकू.’ या उपायाने संगणक बहुधा सुरू होतो; परंतु तो का कोसळत होता हे कायमचे अज्ञात राहते, आणि तेच सॉफ्टवेअर त्याच परिस्थितीत पुन्हा घातले, की मागचा सारा प्रकार पहिल्यापासून सुरू होण्यास कोणताही प्रत्यवाय उरत नाही. वास्तविक या तक्रारीमागे एकच एक कारण नसून निदान पाच भिन्न कारणे संभवतात. प्रत्येकाचा इतिहास निराळा, ओळखण्याची खूण निराळी आणि उपायही निराळा. त्या सर्वांचा एकत्र विचार केला असता जे सामान्य तत्त्व हाती लागते ते असे, की संरक्षणाचे सॉफ्टवेअर संगणक पाडू शकते ते त्याला दिलेल्या अधिकारामुळे, आणि म्हणून तपास करणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा त्याच्या अधिकाराचा माग काढला पाहिजे.

हा अधिकार कोणता, हे प्रथम पाहू. विंडोजच्या रचनेत आज्ञावल्यांचे दोन स्तर आहेत. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे अशी नित्याची कामे करणारी सॉफ्टवेअरे ज्या स्तरावर वावरतात, तेथे एकाचा घोटाळा झाला तर ते एकटेच बंद पडते आणि बाकीचा कारभार सुरळीत चालू राहतो. त्याखालचा स्तर कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या गाभ्याचा. मेमरीची वाटणी, डिस्कवरील वाचन-लेखन, नेटवर्कची ये-जा या साऱ्यांचा अंमल तेथून चालतो, आणि तेथे काम करणाऱ्या आज्ञावल्यांना, म्हणजे ड्रायव्हरांना, एकमेकांपासून कोणतेही संरक्षण नसते. सामान्य सॉफ्टवेअर हे वाड्याच्या सदरेवर येऊन आपले काम उरकून जाणाऱ्या माणसासारखे मानले, तर अँटिव्हायरस हा आतल्या खासगी दालनापर्यंत कुलपे उघडत जाण्याची मुभा असलेला पहारेकरी होय. त्याचा पाय घसरला तर तो आतच घसरतो. कोणतीही फाइल उघडली जाण्यापूर्वी ती तपासायची, तर डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीच्या वाटेत उभे राहणे त्याला प्राप्तच आहे. त्यासाठी विंडोजने फिल्टर ड्रायव्हरांची एक उतरंड नेमून दिली असून तीत प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि अँटिव्हायरसांसाठी ३,२०,००० ते ३,३०,००० यांच्या दरम्यानची जागा राखून ठेवलेली आहे. या स्तरावर एखाद्या ड्रायव्हरने निषिद्ध जागेला हात लावला, की विंडोज स्वतः होऊन सर्व व्यवहार तहकूब करते आणि त्रुटीचा पडदा (पुष्कळ वर्षे तो निळाच असे) दाखवते. कारण गोंधळलेल्या गाभ्याने डिस्कवर भलतेच काही लिहून ठेवण्यापेक्षा तेथल्या तेथे थांबणे कमी नुकसानीचे, असा तिच्या कर्त्यांचा हिशेब आहे.

कारणांपैकी सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे कारण म्हणजे एकाच संगणकावर दोन पहारे बसवणे. ‘एकापेक्षा दोन बरे’ या भाबड्या समजुतीने, किंवा संगणकासोबत आलेल्या चाचणी-आवृत्तीची मुदत संपली तरी ती तशीच राहू देऊन, लोक दुसरे सॉफ्टवेअर घालतात. मग एकाने तपासण्यास उघडलेली फाइल दुसरा तपासू लागतो, दुसऱ्याच्या त्या हालचालीचा पहिल्याला संशय येतो, आणि दोघांच्या ओढाताणीत संगणक प्रथम संथ होतो व पुढे कोसळतो. विंडोज १० आणि ११ मधील डिफेंडर हा अंगभूत अँटिव्हायरस, दुसऱ्या अँटिव्हायरसने विंडोजच्या दप्तरी आपली रीतसर नोंद केली, की आपण होऊन बाजूला होतो. परंतु बाहेरच्या दोन सॉफ्टवेअरांमध्ये असा काही समझोता नसतो. शिवाय जुने सॉफ्टवेअर काढून टाकले असे पडद्यावर दिसले तरी त्याचे ड्रायव्हर पुष्कळदा मागे राहतात, आणि वापरणारा ‘माझ्याकडे एकच अँटिव्हायरस आहे’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगत असताना गाभ्यात दोघांचा अंमल चालू असतो.

दुसरे कारण, सॉफ्टवेअर आहे तेच राहून त्याच्या खालची जमीन बदलणे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधील दोषावर मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली, तेव्हा असे आढळून आले, की काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीला ज्या मार्गाने हात घालीत होते तो मार्ग कधी अधिकृत नव्हताच, आणि दुरुस्ती बसताच ते संगणक निळ्या पडद्यावर जाऊन अडकत. त्यावर मायक्रोसॉफ्टने अशी तजवीज केली, की अँटिव्हायरसने रजिस्ट्रीमध्ये एक ठरावीक नोंद करून आपण या बदलाशी सुसंगत असल्याची हमी दिल्याशिवाय त्या संगणकाला ती दुरुस्ती देऊच नये. पुढे ९ एप्रिल २०१९ च्या दुरुस्त्यांनंतर सोफोस, अव्हास्ट, अविरा, मॅकॅफी यांसारख्या सॉफ्टवेअरांचे काही संगणक सुरू होतानाच गोठू लागले. अशा प्रसंगी दोष अँटिव्हायरसचा की विंडोजचा, हा वाद दोन्ही पक्षांना सोयीचा असला तरी वापरणाऱ्याला निरुपयोगी असतो. त्याला उपयोगी पडते ती एवढीच माहिती, की आदल्या दिवशी दोघांपैकी कोण बदलले.

तिसरे कारण चुकीच्या ओळखीचे. येथे ड्रायव्हर निर्दोष असतो, पण चोरांची, म्हणजे विषाणू ओळखण्याच्या खुणांची, यादी सदोष असते. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या सॉफ्टवेअरने सुलभ चिनी लिपीतील विंडोज एक्सपीच्या दोन मूलभूत फायली दुष्ट ठरवून बाजूला काढल्या आणि चीनमधील कित्येक संगणक पुन्हा सुरू होईनात. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने ‘यूझर३२’ ही फाइल ट्रोजन ठरवली. ही फाइल नसेल तर विंडोजला पडद्यावर खिडकी उघडता येत नाही. या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण २१ एप्रिल २०१० चे. त्या दिवशी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या यादीने विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल विषाणू मानली, आणि संगणक पुन्हापुन्हा आपोआप सुरू होऊ लागले व त्यांचा नेटवर्कशी संबंध तुटला. त्यामुळे दुरुस्त यादी त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्गही त्याच घटकेस बंद झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफोसने आपल्याच अद्ययावतीकरणाच्या फायलीला संशयित ठरवले.

चौथ्या कारणात यादी आणि ड्रायव्हर यांच्यातील सांध्याचा दोष येतो, आणि त्याचा विचार थोड्या तपशिलाने करणे आवश्यक आहे. कारण १९ जुलै २०२४ रोजी जगभर जे घडले ते याच सांध्यात. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो, परंतु कोणती हालचाल संशयास्पद समजायची याचे नियम त्याला ‘चॅनल फाइल’ नावाच्या स्वतंत्र फायलींतून वरचेवर पाठवले जातात. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या कसोटीतून उतरून सही घेऊन येतो. नियमांच्या फायलींना मात्र ती कसोटी नसते. २९१ क्रमांकाच्या चॅनल फायलीतील नियमांची व्याख्या २१ रकान्यांची होती आणि ते नियम तपासणारा ड्रायव्हरचा भाग २० च मूल्ये पुरवीत होता. ही विसंगती फेब्रुवारी २०२४ पासून तेथे होती. पण तोवरच्या सर्व नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ या अर्थाची खूण असल्यामुळे तो रकाना वाचण्याची वेळच कधी आली नव्हती. त्या दिवशी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, निघालेल्या नियमाने तो प्रथमच वाचावयास सांगितला. ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचावयास गेला आणि विंडोजने कारभार थांबवला. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने फाइल मागे घेतली. परंतु मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक तेवढ्या अवधीत सापडले होते, आणि ही संख्या जगातील विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी असताना विमानतळ, रुग्णालये आणि बँका यांचे व्यवहार अडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रिझर्व्ह बँकेने मात्र आपल्या देखरेखीखालील केवळ दहा बँका व बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचे त्याच दिवशी जाहीर केले.

या प्रकरणातून जो धडा घ्यावयाचा तो दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. फाल्कनचा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच जागा होतो, त्यामुळे बहुधा नेटवर्क जोडले जाण्यापूर्वीच पडदा निळा होई आणि दुरुस्त फाइल दुरून पाठवता येत नसे. उपाय एका ओळीत मावणारा होता : सेफ मोडमध्ये जावे, ड्रायव्हरांच्या फोल्डरात क्राउडस्ट्राइकच्या नावाने जे फोल्डर आहे त्यातील २९१ ची फाइल पुसावी, आणि संगणक पुन्हा सुरू करावा. परंतु तो प्रत्येक संगणकासमोर बसून करावा लागे. आणि ज्या संगणकांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, त्यांची ४८ अंकी किल्ली आधी शोधावी लागे. काही कचेऱ्यांत त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तो सर्व्हरच निळ्या पडद्यावर उभा होता. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडमधील संगणक वारंवार, पंधरा-पंधरा वेळा सुद्धा, रीस्टार्ट करून पाहण्याचा सल्ला दिला तो अनेकांना थट्टेचा वाटला. पण त्यात तर्क होता. ड्रायव्हर कोसळण्यापूर्वी नेटवर्क जुळून दुरुस्त फाइल उतरेल, अशी क्षणभराची संधी प्रत्येक वेळी पुन्हा मिळत होती.

पाचव्या प्रकारात संरक्षक सॉफ्टवेअर केवळ निमित्त असते आणि दोष आधीपासून लपलेला असतो. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर काही एक्सपी संगणक कोसळू लागले आणि साऱ्यांनी मायक्रोसॉफ्टला दोष दिला. तपासाअंती निघाले असे, की त्या संगणकांत अल्युरॉन नावाचा रूटकिट, म्हणजे गाभ्यात लपून राहणारा विषाणू, आधीच दडून बसलेला होता, कर्नलमधील पत्ते त्याने ठोकून बसवले होते, आणि दुरुस्तीने ते पत्ते हलताच त्याचीच उडी चुकली. याच वर्गात सदोष रॅम येते. रोजच्या हलक्या कामात जिचा बिघाड कधी लक्षात येत नाही, ती अँटिव्हायरसच्या पहिल्या पूर्ण तपासणीत, लाखो फायली एकामागून एक वाचल्या जात असताना, उघडी पडते. साठलेल्या धुळीने तापणारा लॅपटॉप आणि मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क यांचेही तसेच. आणि ज्याला अँटिव्हायरस म्हणून घातले तेच मुळात बनावट असण्याचा संभव सर्वांत आधी निकालात काढावा. ‘अँटिव्हायरस २००९’ यांसारख्या तोतया सॉफ्टवेअरांनी एके काळी धुमाकूळ घातला होता, आणि फुकटात मिळालेल्या ‘क्रॅक’ आवृत्त्यांतून तोच धंदा आजही चालतो.

कारणे इतकी असता तपासाची शिस्त काय असावी, हा यापुढील प्रश्न. आधी घातले आणि नंतर कोसळले, एवढ्यावरून घातल्यामुळेच कोसळले असे सिद्ध होत नाही; म्हणून कोणतीही गोष्ट काढण्यापूर्वी संगणकाने स्वतः लिहून ठेवलेले दस्तऐवज वाचावेत. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर दिवसवार दाखवतो, की कोणत्या तारखेस काय बसले आणि कोणत्या तारखेपासून कोसळणे सुरू झाले. अँटिव्हायरसच्याच दिवशी विंडोजचे अपडेट किंवा ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आलेला दिसणे हा नित्याचा अनुभव आहे. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळ जण वीजपुरवठ्याला दोष देतात. पण ती नोंद संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. कारणाचा माग ‘बगचेक’ या नोंदीत आणि विंडोजच्या मिनिडम्प फोल्डरात साठणाऱ्या फायलींत असतो. त्या फायली ब्लूस्क्रीनव्ह्यू या फुकट सॉफ्टवेअरने किंवा मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजीने उघडल्या, की कोसळण्याच्या क्षणी कोणता ड्रायव्हर काम करीत होता त्याचे नाव दिसते. ‘एएसडब्ल्यू’ने सुरू होणारे नाव अव्हास्टचे, ‘एमएफई’ने सुरू होणारे मॅकॅफीचे, ‘केएल’ने सुरू होणारे बहुधा कॅस्परस्कीचे. मात्र एका नावावर विसंबू नये. निरनिराळ्या पाच फायलींत एकच ड्रायव्हर पुन्हापुन्हा आला तर संशय बळावतो. प्रत्येक वेळी नवे नाव आणि नवा त्रुटी-क्रमांक आला तर रॅमकडे बोट जाते. आणि खुद्द कर्नलचेच नाव आले तर बहुतेक वेळा दुसऱ्याने केलेली नासाडी त्याच्या हाती सापडली, एवढाच त्याचा अर्थ.

दस्तऐवजांनंतर प्रयोग. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि बिटलॉकरची किल्ली हाताशी आहे याची खातरजमा करावी. ही दोन कामे उपचाराआधीची होत. मग सेफ मोडमध्ये संगणक तासभर चालवून पाहावा. विंडोज १० व ११ मध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट केले असता, किंवा सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला असता, दुरुस्तीचा जो पडदा येतो त्यातून तेथे जाता येते. सेफ मोडमध्ये बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर निद्रिस्त असतात. तेथेही संगणक कोसळला तर अँटिव्हायरसवरील आरोप बराचसा ढिला पडतो आणि रॅम, डिस्क व उष्णता यांची तपासणी प्रथम करावी लागते. तेथे तो स्थिर राहिला तर सॉफ्टवेअर काढून पाहावे. आणि येथे ‘काढणे’ व ‘बंद करणे’ यांतील अंतर ध्यानात ठेवले पाहिजे. घड्याळाशेजारच्या चिन्हावरून संरक्षण तात्पुरते बंद केले, तरी ड्रायव्हर गाभ्यात आपल्या जागी बसलेलाच असतो, आणि त्या अवस्थेतही संगणक कोसळला म्हणून सॉफ्टवेअरला निर्दोष ठरवणे ही या तपासातील फार वारंवार होणारी चूक आहे. काढण्याच्या नेहमीच्या मार्गाला सेफ मोडमध्ये अडचण येते, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सेवा तेथे सहसा चालू नसते. म्हणूनच बहुतेक कंपन्यांनी आपापली सफाईची स्वतंत्र साधने काढली आहेत, आणि ती त्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावीत. सिस्टिम रिस्टोरचा मार्गही खुला आहे. पण अँटिव्हायरस आपल्या फायलींना हात लावू देत नसल्यामुळे चालू विंडोजमधून तो पुष्कळदा फसतो आणि दुरुस्तीच्या पडद्यावरून केलेला यशस्वी होतो. सफाईनंतर ‘एफएलटीएमसी’ ही आज्ञा दिली, की फिल्टर ड्रायव्हरांची यादी क्रमांकांसह समोर येते. अँटिव्हायरसांच्या जागेत डिफेंडरखेरीज कोणी उरले नसेल, तरच जागा खरोखर रिकामी झाली असे समजावे.

यानंतर काही दिवस केवळ डिफेंडरवर संगणक चालू द्यावा. तो कोसळला नाही तर विंडोज अद्ययावत करून त्याच सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती पुन्हा घालावी. ती घालताच पूर्वीचा प्रकार सुरू झाला, तर आणि तरच आरोप सिद्ध झाला असे म्हणता येईल, आणि मिनिडम्पच्या फायली कंपनीकडे पाठवणे हे वापरणाऱ्याचे शेवटचे काम उरेल. फॉरमॅट हा उपाय रूटकिटची शंका पक्की झाली असता योग्य. इतर वेळी तो पुरावा नष्ट करतो.

व्यक्तीच्या पातळीवरील हा उपाय झाला. व्यवस्थेच्या पातळीवरील वाद याहून जुना आहे. ६४ बिटी विंडोजमध्ये २००५ पासून मायक्रोसॉफ्टने गाभ्याची मोडतोड करणाऱ्या सॉफ्टवेअरांना मज्जाव केला, तेव्हा सिमँटेक व मॅकॅफी यांनी ही स्पर्धकांची कोंडी असल्याची उघड तक्रार केली. युरोपियन आयोगाशी २००९ मध्ये झालेल्या समझोत्याचा दाखला देऊन मायक्रोसॉफ्ट २०२४ मध्ये म्हणू लागली, की इतरांना गाभ्यापासून दूर ठेवण्यास आम्ही मोकळे नव्हतो. ॲपलने २०१९ पासून मॅकवरील संरक्षक सॉफ्टवेअरांना गाभ्याबाहेरून काम करण्याची व्यवस्था करून दिली, आणि मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दिशेने जाण्याचा संकल्प जाहीर केला. विरोधकांचे म्हणणे असे, की चोर गाभ्यात शिरत असता पहारा बाहेर ठेवणे आत्मघाताचे आहे, आणि डिफेंडर मायक्रोसॉफ्टचाच असल्याने ही निष्पक्ष व्यवस्था नव्हे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तथापि वर दिलेल्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते, की जागा बदलल्याने दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारचे अपघात कमी होतील, तिसऱ्या प्रकारचे नाही. २०१० ची मॅकॅफीची यादी गाभ्याबाहेरून वाचली असती तरी तिने तीच फाइल बाजूला काढली असती. २०१० आणि २०२४ या दोन्ही प्रसंगांत खरे नुकसान केले ते एकाच घटकेस साऱ्या जगाला एकच फर्मान धाडण्याच्या रीतीने. क्राउडस्ट्राइकने त्यानंतर आपल्या चॅनल फायली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे ठरवले, यात ही गोष्ट कबूल झालीच आहे.

अँटिव्हायरसच्या धंद्याचे दुरुस्तीच्या टेबलाशी किती जवळचे नाते आहे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याची क्विक हील ही कंपनी कैलास काटकर यांच्या यंत्रदुरुस्तीच्या लहानशा व्यवसायातून उभी राहिली, आणि ग्राहकांच्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी त्यांचे बंधू संजय काटकर यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या हे तिचे मूळ भांडवल होते. दुरुस्ती करणाऱ्याला जे ज्ञान असते, ते सॉफ्टवेअर निवडतानाही वापरले पाहिजे. किती विषाणू पकडले याच्या जाहिराती सर्वच कंपन्या करतात. परंतु ज्याच्या हाती संगणकाच्या गाभ्याची मुखत्यारी द्यायची, त्याच्याबद्दल आणखी काही विचारणे रास्त आहे : त्याचे नियम टप्प्याटप्प्याने येतात की एकदम, कचेरीला ते काही काळ रोखून धरता येतात की नाही, आणि त्याला निरोप द्यायची वेळ आली तर तो मागे एकही ड्रायव्हर न ठेवता निघून जातो का. ही विचारपूस ज्याने आधी केली असेल, त्याचा संगणक कधी कोसळलाच तर त्याला निदान तपास कोठून सुरू करायचा हे ठाऊक असेल.